सिटीज: स्कायलाइन्स २ – सोलापूरएवढ्या नकाशावर वसलेले शहर

फिनलंडमधील टाम्पेरे शहरातील कोलोसल ऑर्डर या कंपनीने घडवलेला आणि स्वीडनच्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्हने प्रकाशित केलेला ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ हा शहर वसवण्याचा गेम २४ ऑक्टोबर २०२३ रोजी संगणकासाठी बाजारात आला. त्याचा पहिला भाग १० मार्च २०१५ रोजी आला होता. त्याच्या दोन वर्षे आधी, २०१३ मध्ये, १९८९ पासून चालत आलेल्या मानाच्या ‘सिमसिटी’ मालिकेची नवी आवृत्ती आली होती. पण खेळायला सतत इंटरनेट हवे ही सक्ती आणि शहरासाठी मिळणारा दोन किलोमीटर लांब-रुंद एवढाच जमिनीचा तुकडा, या दोन गोष्टींनी तिने चाहत्यांची पार निराशा केली. ती पोकळी टाम्पेरेच्या मूठभर माणसांनी भरून काढली आणि पुढची आठ वर्षे शहर वसवण्याचा गेम म्हटले की त्यांचेच नाव पुढे येत राहिले. त्यामुळे दुसऱ्या भागाकडून अपेक्षा साध्या नव्हत्या. पहिल्या काही आठवड्यांच्या खेळानंतर माझे मत असे झाले आहे की, शहर हे कारण आणि परिणाम यांच्या साखळीने कसे चालते हे दाखवण्यात हा गेम आजवरच्या सर्व गेमांच्या पुढे आहे. मात्र तो बाजारात आणण्याची घाई झाली, आणि आपल्याकडच्या शहरांचे काही मूलभूत व्यवहार त्याच्या कल्पनेतच नाहीत.

आधी आकाराबद्दल, कारण खेळाचा सारा अनुभव आकाराने बदलला आहे. पहिल्या भागात, कोणतेही मॉड (म्हणजे खेळाडूंनी बनवलेली जोड) न वापरता, नकाशाच्या २५ तुकड्यांपैकी नऊ तुकडे मिळत असत; म्हणजे सुमारे ३३ चौरस किलोमीटर जमीन. दुसऱ्या भागात ४४१ लहान तुकडे आहेत आणि ते सर्व विकत घेतले तर सुमारे १५९ चौरस किलोमीटर क्षेत्र हाती येते. सोलापूर महानगरपालिकेचे क्षेत्र, १९९२ च्या हद्दवाढीनंतर, सुमारे १७८ चौरस किलोमीटर आहे. सोलापूरकराला हा आकडा वाचताच गेमच्या जमिनीचा अंदाज येईल. अक्कलकोट रस्त्यावरची एमआयडीसी, जुळे सोलापूर, होटगी रस्त्यावरचे विमानतळ, स्टेशन आणि मधले जुने गावठाण हे सारे खऱ्या अंतरांसह मावेल, जवळपास एवढी ही जागा आहे. अंतर खरे झाले की निर्णयही खरे होतात. कारखाने गावापासून लांब नेले तर कामगारांना तिथवर पोहोचवण्याची सोय करावी लागते; कॉलेज एका टोकाला बांधले तर दुसऱ्या टोकाची मुले तिकडे जातील की नाही, याचा विचार करावा लागतो. पहिल्या भागात सगळेच सगळ्याच्या जवळ असे, त्यामुळे असे प्रश्न फारसे पडत नसत.

रस्ते बांधण्याची साधने हा या गेमचा सर्वांत पूर्ण झालेला भाग आहे, आणि त्याच्याबद्दल हात आखडता न घेता लिहिले पाहिजे. चौकटीचा अख्खा ले-आऊट एका आखणीत उतरतो, दोन समांतर रस्ते एकदम ओढता येतात, चढ-उतारावर रस्ता नेताना जमीन कापली किंवा भरली जाते, आणि तयार चौकावर वाहतूक बेट नुसते ठेवता येते. प्रत्येक चौकात सिग्नल असावा की नसावा, पादचाऱ्यांचे पट्टे कुठे असावेत, कोणते वळण बंद करावे, हे आता मॉडशिवाय ठरवता येते. सुरुवातीलाच डावीकडून वाहतूक निवडण्याची सोय आहे आणि भारतीय खेळाडूने ती जरूर निवडावी, कारण चौकाची आखणी करताना डोळ्यांना जी सवय असते तिचा मोठा फरक पडतो.

सोलापुरात राहणाऱ्याच्या हाती अशी साधने आली की सात रस्ता चौकाचा प्रयोग करून पाहण्याचा मोह होणारच. मी एकाच बिंदूवर सात रस्ते आणून सोडले. गेमने आपणहून सिग्नल बसवले आणि प्रत्येक रस्त्याला आपली पाळी येईपर्यंत इतका वेळ लागू लागला की रांगांची शेपटे मागच्या चौकांपर्यंत गेली. मग दोन रस्त्यांवरून उजवीकडे वळणे बंद केले. गर्दी थोडी हलली, पण तीच वाहने मागच्या गल्ल्यांतून वाट काढू लागली आणि तिथल्या घरांना गोंगाटाचा त्रास सुरू झाला. त्यानंतर सिग्नल काढून मोठे वाहतूक बेट ठेवले, तेव्हा प्रवाह सुरळीत झाला. मात्र बेटासाठी लागणाऱ्या जागेपायी कोपऱ्यांवरच्या इमारती गेल्या. ज्यांनी या चौकात संध्याकाळच्या वेळी उभे राहून गाड्यांची चढाओढ पाहिली आहे, त्यांना या तीन टप्प्यांत रस्तेबांधणीच्या पुस्तकी धड्यापेक्षा अधिक सापडेल. प्रत्येक उपायाची किंमत कुणीतरी देतो आणि ती कोण देतो हे पडद्यावर दिसते, ही या गेमची मोठी मिळकत आहे.

यामागचे तंत्रही समजून घेण्यासारखे आहे. पहिल्या भागातील वाहने बहुधा जवळचा मार्ग धरून एकाच लेनमध्ये खोळंबत. आता प्रत्येक वाहनचालक वेळ, पैसा, आराम आणि आपली वागण्याची पद्धत या चार गोष्टी तोलून मार्ग ठरवतो. तरुणाला पैसा वाचवायचा असतो, वृद्धाला आराम हवा असतो, आणि काही चालक भलत्याच ठिकाणी गाडी वळवून धोका पत्करतात. अपघात होतात, रस्त्याची दुरुस्ती वेळेवर झाली नाही तर ते वाढतात. पार्किंगला जागा नसेल तर माणसे त्या भागात गाडी नेण्याचे टाळतात किंवा जागा शोधत फिरत राहतात. वाहतूक आता निर्जीव ठिपक्यांची रांग राहिलेली नाही, तर निर्णय घेणाऱ्या माणसांची गर्दी झाली आहे.

एवढे असूनही प्रकाशनाच्या वेळी गेममध्ये सायकल नव्हती. पहिल्या भागात सायकली आणि त्यांचे मार्ग पुढे आले होते. दुसऱ्या भागात तेव्हा ते नव्हते. रिक्षाही नाही, पण ती परदेशी गेममध्ये असावी अशी अपेक्षा करणे अवघड आहे. सायकल वगळण्याचे मात्र समर्थन होत नाही. बस, ट्राम, मेट्रो, रेल्वे, टॅक्सी, जहाज आणि विमान असे सगळे देणाऱ्या गेमने सर्वांत स्वस्त वाहन वगळावे, हे खटकले.

रस्त्यासंबंधी दुसरा मुद्दा अधिक खोलवरचा आहे. या गेममध्ये रस्ता ओढला की त्याच्या पोटातून पाण्याची, सांडपाण्याची आणि विजेची वाहिनी आपोआप जाते. खेळाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे आणि पहिल्या भागात नळ वेगळे टाकत बसण्याचा कंटाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना ती आवडेलच. परंतु शहराचे खरे दुखणे याच ठिकाणी असते. आधी डांबर, मग ड्रेनेजसाठी खोदकाम, मग पुन्हा डांबर, मग केबलसाठी खोदकाम, हा क्रम कोणत्याही भारतीय शहरातील माणसाला ठाऊक आहे. गेममध्ये जमीन झोनसाठी, म्हणजे घरे, दुकाने किंवा कारखाने अशा ठरावीक वापरासाठी, रंगवायची तर आधी रस्ता हवा. रस्त्याच्या कडेलाच घर उगवते. आपल्या हद्दवाढ भागात उलटे घडत आले आहे. शेताचे गुंठे पडतात, घरे उभी राहतात, बोअर घेतले जातात आणि रस्ता, दिवा, ड्रेनेज हे सारे मागाहून, अर्ज-निवेदने देत देत येते. आधीच वसलेल्या वस्तीत नंतर सोयी पोहोचवणे हे नगररचनेतील सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि त्याचे एखादे आव्हान गेममध्ये असते तर जगातल्या निम्म्या शहरांची गोष्ट त्यात आली असती.

पाण्याच्या बाबतीत गेमने बरेच केले आहे. नदीला खरा प्रवाह आहे. सांडपाणी नदीत सोडले तर ते प्रवाहाबरोबर खाली वाहत जाते, त्यामुळे पाणी उचलण्याचे केंद्र वरच्या बाजूला आणि सांडपाण्याचे तोंड खालच्या बाजूला ठेवावे लागते. भूजलाचे साठे नकाशावर दिसतात. त्यावर पंप बसवता येतो, प्रमाणाबाहेर उपसा केला तर साठा घटतो आणि वर कारखाना असेल तर जमिनीतील प्रदूषण खाली उतरून पाणी बिघडवते. ज्या जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा आणि बोअर दरवर्षी खोल जाते, तिथल्या खेळाडूला हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

तरीही एक उणीव मला सतत जाणवत राहिली. गेममधल्या नदीला वरच्या बाजूला कोणतेही गाव नाही. पाणी नकाशाच्या कडेवरून नेहमी स्वच्छच आत येते आणि आपण घाण केलेले पाणी दुसऱ्या कडेवरून निघून गेले की त्याचे उत्तर कुणी मागत नाही. सोलापूरला उजनी धरणातून पाणी येते, भीमेवरच्या टाकळीतून येते आणि हिप्परग्याच्या तलावातूनही येते. उजनीत येणाऱ्या पाण्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून मिसळत येते, हे महाराष्ट्रात सर्वांना माहीत असलेले वास्तव आहे. नदीकाठचे प्रत्येक शहर हे कुणाच्या तरी खालच्या आणि कुणाच्या तरी वरच्या बाजूला असते. शेजारच्या शहरांशी वीज, माल आणि प्रवासी यांचे दळणवळण दाखवणाऱ्या गेममध्ये हे नाते आणणे अशक्य नव्हते. वरून येणारे पाणी कधी गढूळ, कधी दूषित, कधी कमी असे ठेवले असते, तरी खेळाडूला जलशुद्धीकरणाचा खर्च का करायचा हे कळले असते. शिवाय गेममध्ये पाणी एकतर चोवीस तास असते किंवा अजिबात नसते. काही दिवसांआड येणारे पाणी, घरोघरचे हौद आणि गच्चीवरच्या टाक्या ही मधली अवस्था त्याला माहीत नाही, आणि आपल्याकडे कोट्यवधी लोकांचे दिवस याच मधल्या अवस्थेत जातात.

विजेचा भाग तुलनेने सोपा, पण नेटका आहे. केंद्रातून उच्चदाबाच्या तारा निघतात, उपकेंद्रात दाब कमी होतो आणि मग रस्त्याखालून वीज घरोघर जाते. जास्तीची वीज नकाशाच्या कडेवरून बाहेर विकता येते आणि सुरुवातीच्या काळात महापालिकेच्या तिजोरीला तिचा चांगला आधार मिळतो. सोलापूरजवळ एनटीपीसीचे १३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे आणि त्याची वीज अर्थातच केवळ या शहरासाठी नाही. त्यामुळे आपल्या हद्दीत धूर आणि बाहेर प्रकाश हा व्यवहार इथल्या खेळाडूला ओळखीचा वाटेल. वाऱ्याची दिशा आता महत्त्वाची आहे. कोळशाचे केंद्र किंवा कारखाने वाऱ्याच्या वरच्या अंगाला बांधले तर धूर सरळ वस्तीवर येतो आणि दवाखान्यांवरचा ताण वाढतो.

या शहराला सर्वांत जवळचा वाटेल तो भाग म्हणजे कापूस आणि कापड. दुसऱ्या भागात मालाच्या उत्पादनाची साखळी पहिल्यापासूनच आहे. त्यासाठी नंतर वेगळे पैसे मोजून काही घ्यावे लागत नाही. सुपीक जमिनीवर शेताची हद्द आपण स्वतः आखायची आणि तिथे धान्य, भाजीपाला किंवा कापूस घ्यायचा. मी कापसाचे शेत आखून तिथून निघणाऱ्या एका ट्रकच्या मागे मागे गेलो. तो औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड कंपनीच्या दारात थांबला. त्या इमारतीवर क्लिक केल्यावर कंपनी कोणता माल घेते, कोणता बनवते, तिच्याकडे किती कामगार आहेत, त्यांचे शिक्षण किती आणि धंदा फायद्यात आहे की तोट्यात, हे सारे दिसले. पुढे तेच कापड बाजारपेठेतील दुकानांकडे जाते आणि उरलेले शहराबाहेर विकले जाते. कापूस कमी पडला तर कंपनी बाहेरून आणते, पण मग वाहतुकीचा खर्च वाढतो आणि नफा घटतो. रस्ता तुंबला तर त्याचा फटका थेट कंपनीच्या हिशेबात उतरतो. जुनी मिल, नरसिंग गिरजी मिल, लक्ष्मी-विष्णू मिल ही नावे ज्यांच्या घरात रोजच्या बोलण्यात होती, त्यांना पडद्यावरचा हा हिशेब पाहताना निव्वळ करमणुकीपलीकडचे काही वाटेल. गिरणी चालते ती कशाकशाच्या आधारावर आणि बंद पडते तेव्हा आधी काय काय ढासळलेले असते, याची रूपरेषा इथे आहे.

मात्र सोलापूरचे कापड केवळ गिरण्यांत झालेले नाही. तेलंगणातून आलेल्या विणकर समाजाने पूर्व भागात घरातच माग टाकले. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, तरी अनेक ठिकाणी खाली माग आणि वर संसार ही रचना टिकून राहिली. विडी वळणाऱ्या हजारो बायकांचे कामही घरीच चालत आले आहे. ज्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तिच्यामागे अशी घरे आणि असे छोटे कारखाने आहेत. गेमला हे ठाऊक नाही. त्याच्या लेखी घर म्हणजे राहण्याची जागा, कारखाना म्हणजे कामाची जागा, आणि दोहोंच्या मध्ये प्रवास हवाच. एकमेकांजवळ ठेवले तर गोंगाट आणि प्रदूषणाने रहिवासी आजारी पडतात, हे शास्त्राला धरून आहे आणि यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्यांच्या कानांनी त्याची किंमत मोजलेली आहे. पण त्याच रचनेमुळे कामाला जाण्याचा प्रवास वाचतो, बायकांच्या हाताला काम मिळते, थोड्या भांडवलात धंदा उभा राहतो, हे दुसरे पारडे गेममध्ये तोललेच जात नाही. घरगुती उद्योगाचा झोन असता आणि त्याचे फायदे-तोटे दोन्ही मोजले गेले असते, तर आशियातील शेकडो शहरे या गेमच्या कक्षेत आली असती.

या दिशेने एक पाऊल मात्र टाकलेले आहे. तळमजल्यावर दुकाने आणि वर घरे असा मिश्र झोन यात प्रथमच मूळ गेमचा भाग म्हणून आला आहे. नवी पेठ किंवा चाटी गल्ली पाहिलेल्या माणसाला ही रचना नवी नाही. तिच्यामुळे गेममधील रस्त्यांवर दिवसभर पायी वर्दळ राहते आणि शहर पहिल्या भागापेक्षा अधिक जिवंत वाटते. रांगेतील घरे, मध्यम दाटीच्या इमारती आणि कमी भाड्याची घरे असे वेगळे प्रकारही आहेत. कोणत्या कुटुंबाला कोणते घर परवडते, हे आता उत्पन्न आणि भाडे यांवर ठरते. भाडे जास्त असल्याची तक्रार करणारी खूण मात्र प्रकाशनाच्या वेळी इतक्या घरांवर आणि इतक्या लवकर झळकू लागत असे की तिचे गांभीर्य उरत नसे. हा तोल सुधारणे गरजेचे होते.

गेममधला प्रत्येक नागरिक हा आता नाव, वय, शिक्षण, कुटुंब आणि नोकरी असलेला माणूस आहे आणि त्याच्यावर लक्ष ठेवता येते. आई-वडिलांसोबत शहरात आलेला एक मुलगा शाळा आणि महाविद्यालय संपवून कापड कंपनीत लागला आणि काही काळाने वेगळे घर करून राहू लागला, हा प्रवास मी पाहिला. त्याच्या आयुष्यातील महत्त्वाच्या घटना गेम टिपून ठेवतो. गेममध्ये एक दिवस म्हणजे एक महिना, त्यामुळे सकाळी कामाला निघालेला माणूस रात्री घरी येईपर्यंत कॅलेंडरचे पान उलटलेले असते. वेळेची ही मोडतोड प्रथम विचित्र वाटते. पण एका बैठकीत शहराच्या दोन पिढ्या पाहायच्या तर दुसरा मार्ग नव्हता. ऋतूही बदलतात. बर्फ, गारपीट, वादळ, जंगलातील वणवे असे सगळे आहे. पावसाळ्याची वाट पाहायला लावणारा आपल्यासारखा चार महिन्यांचा उन्हाळा मात्र कोणत्याही नकाशावर मला सापडला नाही.

अर्थकारणाबद्दल माझे मत मिश्र आहे. कर हा उद्योगाप्रमाणे आणि रहिवाशांच्या शिक्षणाप्रमाणे वेगवेगळा लावता येतो. वीज, पाणी, शिक्षण यांचे शुल्क ठरवता येते. शाळेला नवी इमारत बांधण्याऐवजी आहे त्या शाळेला जोडइमारत काढता येते, ही सुधारणा फार शहाणपणाची आहे, कारण खऱ्या नगरपालिका असेच करतात. प्रगतीचे २० टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर मिळणारे गुण कोणत्या सेवेवर खर्च करायचे हे आपण ठरवतो. त्यामुळे एकाचे शहर शिक्षणात पुढे जाते तर दुसऱ्याचे वाहतुकीत. पण प्रकाशनाच्या वेळी, २०२४ मध्ये ते काढून टाकले जाईपर्यंत, तिजोरीत खडखडाट झाला तर सरकारी अनुदान आपोआप येऊन भर घालत असे. त्यामुळे चुकीच्या निर्णयांचा चटका बसत नसे. अनुदान खऱ्या जगातही मिळते. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली, तेव्हा शहराने प्रस्ताव दिला होता, स्पर्धा केली होती आणि निधी ठरावीक कामांना बांधलेला होता. गेममधील अनुदानाला असा प्रस्ताव लागत नव्हता आणि अटही नसे. एवढी तपशीलवार साखळी उभारून तिच्याखाली इतकी मऊ गादी अंथरणे मला पटले नाही.

विमानतळाच्या बाबतीतही असेच झाले आहे. त्याचा गोंगाट वस्तीवर काय परिणाम करतो हे गेम दाखवतो, पण आसपासच्या बांधकामांच्या उंचीवर कोणतेही बंधन घालत नाही. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानसेवेच्या मार्गात येणारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली, आणि त्याआधी वर्षानुवर्षे शहर त्या प्रश्नावर दोन बाजूंनी बोलत होते. दोन उपयुक्त गोष्टी एकाच जागी एकमेकींच्या आड येणे, हा नगररचनेतील फार मोठा प्रसंग आहे आणि त्याला इथे स्थान नाही.

आता संगणकाच्या क्षमतेचा प्रश्न, जो या गेमच्या प्रकाशनावर सावटासारखा राहिला आहे. निर्मात्यांनी शिफारस केलेले ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०८० हे आहे, सोबत १६ जीबी रॅम आणि बाराव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर. किमान अट जीटीएक्स ९७० आणि ८ जीबी रॅम अशी सांगितली आहे. शिफारशीतले हे कार्ड आपल्याकडच्या बहुतेक घरगुती संगणकांत नाही. प्रकाशनाच्या आधीच कंपनीने जाहीर केले होते की गेमचा वेग त्यांनी ठरवलेल्या उद्दिष्टापर्यंत पोहोचलेला नाही. तरीही गेम ठरल्या दिवशी आणला गेला. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सची आवृत्ती तर आधी २०२४ च्या वसंत ऋतूपर्यंत पुढे ढकलली गेली आणि तेव्हाही ती आली नाही. लोकसंख्या लाखाच्या आसपास गेली की चांगल्या संगणकांवरही गेममधील वेळ संथ होत असल्याचा अनुभव तेव्हा जगभरचे खेळाडू सांगत होते. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. म्हणजे जमीन सोलापूरएवढी मिळाली तरी माणसे सोलापूरएवढी मावणार नाहीत. नागरिकांच्या तोंडातील दातांपर्यंतचा तपशील त्यांच्या त्रिमितीय आकृत्यांत आहे आणि दुरून पाहतानाही तो पुरेसा कमी केला जात नाही, हे कळल्यावर संगणक कशात गुंततो याची कल्पना येते.

ज्यांनी गेम घेतला आहे त्यांनी कंपनीने स्वतः सुचवलेले उपाय करावेत. रिझोल्यूशन १०८० वर आणावे, लांबचे दृश्य धूसर करणारी डेप्थ ऑफ फील्ड ही सेटिंग आणि धुके-ढगांची व्हॉल्युमेट्रिक्स ही सेटिंग बंद करावी, आणि प्रकाशाच्या परावर्तनाची, म्हणजे ग्लोबल इल्युमिनेशनची, पातळी कमी ठेवावी. या बदलांनी शहराचे देखणेपण थोडे उतरते, खेळ मात्र खेळण्याजोगा होतो. प्रकाशनानंतर पहिल्याच आठवड्यात दुरुस्तीची पहिली आवृत्ती आली, ही समाधानाची बाब होती. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या ठिकाणी ऑटोसेव्ह चालू आहे की नाही, हे पहिल्या शहराचा पहिला रस्ता ओढण्याआधी तपासावे.

दिसण्याच्या बाबतीत प्रकाशनाच्या वेळी शहराला युरोपीय किंवा उत्तर अमेरिकी असे दोनच पेहराव होते. भाषा अनेक आहेत, पण त्यांत मराठी नाही आणि हिंदीही नाही. शाळकरी मुलांना नागरिकशास्त्र शिकवण्यासाठी इतके चांगले साधन दुसरे नसताना, भाषेच्या अडसरामुळे ते इंग्रजी वाचणाऱ्यांपुरते राहते, याचे वाईट वाटते.

दिवाळीच्या सुट्टीसाठी हा गेम घ्यावा का, असे ओळखीतली मुले विचारतात. ज्यांच्याकडे शिफारशीच्या जवळपासचा संगणक आहे आणि ज्यांना रस्ते, नद्या, कारखाने यांत रमायला आवडते, त्यांनी जरूर घ्यावा; आजच्या अवस्थेतही त्यात महिनोन्‌महिने पुरेल एवढे आहे. बाकीच्यांनी, संगणकासाठीच्या गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणी-सेवेवर तो उपलब्ध असेल तर (प्रकाशनाच्या पहिल्या दिवसापासून तो तिथे होता), एक महिन्याची वर्गणी भरून आपल्या यंत्रावर कसा चालतो ते पाहावे. पुढच्या विस्तारांचे पैसे आधीच घेणारी महाग अल्टिमेट आवृत्ती घेण्याची सध्या काहीच गरज नाही. केवळ या गेमसाठी नवे ग्राफिक्स कार्ड घेण्याचा विचार असेल, तर आणखी काही दुरुस्त्या येईपर्यंत थांबावे. जुन्या संगणकावर पहिला भाग अजूनही उत्तम चालतो आणि आठ वर्षांत जमलेल्या मॉडमुळे तो आज अधिक भरलेला आहे.

मॉडची सोय दुसऱ्या भागात प्रकाशनाच्या वेळी नव्हती. ती पॅराडॉक्सच्या स्वतःच्या व्यासपीठावरून २०२४ मध्ये आली. सोलापुरातील अभियांत्रिकी आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी इकडे लक्ष द्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. महापालिकेचे इंद्रभुवन, सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला यांच्या प्रतिकृती कुणीतरी करीलच, कारण त्या देखण्या आहेत. त्याआधी पूर्व भागातील खाली माग आणि वर घर असलेली एक साधी दुमजली इमारत करावी, तिला कामगारही द्यावेत आणि रहिवासीही, आणि तिच्या दारात एक हौद ठेवावा.